ऐन रागात आठवतील अशी अक्षरं

‘राग आला की दहापर्यंत आकडे मोज’ हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि राग आल्यावर नेमका तोच आठवत नाही. यात ऐकणाऱ्याचा दोष कमी, मेंदूच्या रचनेचा जास्त. पर्याय तोलणं, जिभेवर आलेला शब्द आवरणं ही कामं कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी दाखवून दिलं आहे की तीव्र ताणात नॉरॲड्रिनलिन आणि डोपामिन या रसायनांचं तिथलं प्रमाण अति वाढतं, तिथल्या पेशींचा आपसातला संवाद विस्कटतो आणि झटपट प्रतिक्रिया देणारे, उत्क्रांतीत जुने असलेले भाग सूत्रं हातात घेतात. शहाणपणाची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच ते जागेवर नसतं.

ही अडचण मार्शा लिनेहान यांच्यापुढे फार मोठ्या रूपात उभी होती. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञ. स्वतःला इजा करणाऱ्या, पुन्हा पुन्हा आत्महत्येच्या टोकाशी जाणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ म्हणजे डीबीटी विकसित केली. तिची पुस्तकं १९९३मध्ये आली. तरुणपणी आपण स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होतो, हे त्यांनी २०११मध्ये जाहीरपणे सांगितलं. असा माणूस भावनांच्या लाटेत सापडलेल्याच्या हाती लांबलचक उपदेश देणार नाही, हे उघड आहे. त्यांनी आद्याक्षरं दिली. युक्ती आपल्याही ओळखीची आहे: ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलेल्याला पन्नाशीतही इंद्रधनुष्याच्या रंगांचा क्रम सांगता येतो.

पहिलं सूत्र ‘स्टॉप’. एस म्हणजे थांबा, हातपायही हलवू नका. टी म्हणजे एक पाऊल मागे या. ओ म्हणजे निरीक्षण करा, आत काय चाललंय आणि बाहेर काय. पी म्हणजे मग जाणीवपूर्वक पुढे जा. यातलं निरीक्षण दिसतं तितकं पुस्तकी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या मॅथ्यू लिबरमन यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं, तेव्हा धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डालाची प्रतिक्रिया कमी झाली. ‘मला राग आलाय’ एवढं मनात म्हणण्याचाही काही उपयोग होत असावा तो यामुळेच.

पण भडका इतका मोठा असला की नावही सुचत नाही, तर? त्यासाठी ‘टिप’ आहे आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने सगळ्यात गमतीदार सूत्र हेच. इथे विचारांशी हुज्जत घालायचीच नाही, थेट शरीराकडे जायचं. टी म्हणजे तापमान: श्वास रोखून चेहरा अर्धा मिनिट थंड पाण्यात बुडवायचा, किंवा डोळ्यांवर आणि गालांवर थंड पाण्याची पिशवी धरायची. चेहऱ्यावरच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूकडून संदेश मेंदूच्या बुंध्याकडे जातो, तिथून व्हेगस मज्जातंतू हृदयाला वेग कमी करायला सांगतो. सील, देवमासे पाण्याखाली प्राणवायू पुरवून वापरतात तो याच यंत्रणेमुळे. आपल्यातही तिचा अंश उरला आहे. आय म्हणजे थोडा वेळ दमवणारा व्यायाम. उरलेल्या दोन पींपैकी एक संथ श्वास, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ देऊन. दुसरा श्वास सोडताना एकेक स्नायू सैल करणं. हृदयविकार असलेल्यांनी, नाडी मंद करणारी औषधं घेणाऱ्यांनी किंवा खाण्याशी निगडित आजार असलेल्यांनी मात्र थंड पाण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

माझ्या मते रोजच्या संसारात सर्वाधिक कामाचं सूत्र तिसरंच, ‘डिअर मॅन’. कुणाकडे काही मागायचं असतं तेव्हासाठी. समजा, आईच्या आजारपणाचा भार एकाच बहिणीवर पडला आहे. ‘तुला काही पडलेलीच नाही’ अशी सुरुवात झाली की पुढचा तास वाया. त्याऐवजी आधी नुसती वस्तुस्थिती: ‘दादा, गेल्या महिन्यात आईला तिन्ही वेळा मीच दवाखान्यात नेलं.’ मग स्वतःची भावना: ‘माझी फार दमछाक होते.’ मग स्पष्ट मागणी: ‘या वेळी तू ने.’ मग त्यातलं भलं: ‘डॉक्टरांशी तुझंच बोलणं होईल, मला फोन करून विचारावं लागणार नाही.’ झालं ‘डिअर’. ‘मॅन’ खरी परीक्षा बघतं. दादा हमखास म्हणणार, ‘वडिलांच्या वेळी सगळं मीच केलं होतं!’ तिथे वाहवत न जाता, अडकलेल्या रेकॉर्डसारखी मूळ मागणीच पुन्हा मांडायची. आवाज खाली न जाऊ देता बोलायचं. आणि शेवटी घासाघीस: ‘बरं, तपासणीला मी नेते, औषधांचं आणि बिलांचं तू बघ.’

सगळीच सूत्रं इतकी सुबक नाहीत. झोप, आहार, आजारपण यांची काळजी घ्यायला सांगणाऱ्या ‘प्लीज’मध्ये पी आणि एल मिळून एकच सूचना होते. ओढाताण दिसते, पण लक्षात राहतं.

समाजमाध्यमांवर ही अक्षरं आता रंगीत चित्रांतून सुटी सुटी फिरतात. मूळ उपचारात मात्र साधारण वर्षभर दर आठवड्याला कौशल्यांचा वर्ग असतो, स्वतंत्र समुपदेशन असतं, अडल्या वेळी थेरपिस्टला फोन करायची मुभा असते आणि कोणतं कौशल्य कधी वापरलं याची रोज नोंद ठेवावी लागते. लिनेहान यांच्या गटाने ९९ स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. कौशल्यांचा वर्ग मिळालेल्यांमध्ये स्वतःला इजा करण्याचं प्रमाण, तो न मिळालेल्यांपेक्षा अधिक घटलेलं त्यात दिसलं. तेव्हा सराव हवा तो डोकं थंड असताना. भांडण नसलेल्या दिवशी संथ श्वास मोजून बघा, मागणीचं वाक्य कागदावर लिहून मोठ्याने म्हणून बघा. आणि स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर अक्षरांवर विसंबू नका. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.