आधी रायफल आली, शिकवणी नंतर

मे १९६७मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका वर्तमानपत्रात व्हिएतनाममधल्या एका मरीन सैनिकानं घरी लिहिलेलं पत्र छापून आलं. खे सान्हजवळच्या ८६१ आणि ८८१ क्रमांकाच्या टेकड्यांवर नुकतीच घनघोर लढाई झाली होती. दीडशेवर मरीन तिथे कामी आले होते. आमच्या जवळपास प्रत्येक मृत साथीदाराशेजारी त्याची रायफल उघडलेली सापडली, शेवटच्या क्षणी तो ती दुरुस्त करायला बघत होता, असं पत्रात म्हटलं होतं. काँग्रेस सदस्य जेम्स हॉवर्ड यांनी ते पत्र उचलून धरलं आणि दीड-दोन वर्षं दबक्या आवाजात चाललेली चर्चा साऱ्या देशाच्या कानांवर गेली.

ही रायफल म्हणजे एम-१६. तोवर अमेरिकी सैनिकाच्या खांद्यावर एम-१४ असे. चार किलोंहून जड, ७.६२ मिमीची, लाकडी दस्त्याची. युजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात घडवलेली एआर-१५ तिच्यापेक्षा किलोभरानं हलकी होती आणि ५.५६ मिमीची बारीक काडतुसं तितक्याच ओझ्यात कितीतरी जास्त नेता येत. जंगलात चालणाऱ्या माणसाला याचं मोल फार. १९६२मध्ये व्हिएतनाममध्ये तिच्या चाचण्या झाल्या आणि १९६३मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांच्या काळात लाखभर रायफलींची मागणी कोल्ट कंपनीकडे गेली. पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ मला या मागणीत दिसतं. ती एकदाच करायची खरेदी मानली गेली होती. पायदळाची मुख्य रायफल एम-१४च राहणार, ही नवी फक्त काही खास तुकड्यांना द्यायची, असा हिशेब होता. मग तिच्यासाठी गज, ब्रश, पुस्तिका, प्रशिक्षक यांची साखळी उभी करण्याची तसदी कोण घेणार? त्यातच एक समज पसरला, की ही इतकी आधुनिक आहे की हिला साफसफाई जवळपास लागतच नाही. हा समज कुणी प्रथम पसरवला, यावर पुढे बरीच टोलवाटोलवी झाली. पसरला हे खरं.

सुरुवातीचा अनुभव चांगला होता. नोव्हेंबर १९६५मध्ये व्हिएतनाममधल्या इया द्रांगच्या खोऱ्यात लेफ्टनंट कर्नल हॅल मूर यांच्या बटालियननं ही रायफल वापरली आणि मूर यांनी तिची तारीफ केली. त्यानंतर व्हिएतनाममधले सेनापती विल्यम वेस्टमोरलँड यांनी घाईनं मोठी मागणी नोंदवली. खास तुकड्यांची रायफल बघता बघता सरसकट सगळ्यांची झाली आणि गोत्यात आली.

नेमकं बिघडत काय होतं, ते जवळून पाहायला हवं. गोळी सुटते तेव्हा आतल्या दाबानं पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि मग बोल्टवरचा आकडा तिला काठाला धरून मागे ओढतो. या सगळ्याला सेकंदाचा अगदी लहानसा अंश मिळतो. १९६४मध्ये काडतुसातली दारू बदलली. स्टोनर यांची रायफल एका जातीच्या दारूवर बेतलेली होती, लष्करानं दुसऱ्या जातीची, गोलसर दाण्यांची दारू मंजूर केली. तिच्यामुळे रायफलीचा वेग वाढून मिनिटाला हजार फैरींच्या आसपास गेला. पुंगळी आकसायच्या आतच आकडा तिला ओढू लागला. शिवाय या दारूत कॅल्शियम कार्बोनेट होतं, त्याची राख वायूच्या नळीत आणि बोल्टभोवती साचत राही, कारण या रायफलीत जळालेल्या दारूचा वायू थेट आतल्या यंत्रणेत येतो. तिसरी गोष्ट चेंबरची. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर दमट हवेनं बंदुकांची काय दशा होते हे अमेरिकेनं पाहिलं होतं, म्हणून एम-१४च्या नळीला आतून क्रोमचा मुलामा होता. एम-१६ला तो दिलाच नाही. पावसात दोन-चार दिवस काढले की चेंबरमध्ये गंजाचे बारीक खड्डे पडत आणि फुगलेली पुंगळी त्यांत रुतून बसे. आकडा तिचा काठच फाडून मोकळा परत येई.

अशी रुतलेली पुंगळी काढायचा उपाय एकच होता. नळीच्या तोंडातून गज घालून ती मागे ठोकायची. एनसीसीत रायफलीला चिंदी-तेल केलेल्या आपल्याकडच्या कुणालाही गज हे परेडनंतरचं सामान वाटेल. इथे गोळीबार चालू असताना, पालथं पडून, मीटरभर लांब रायफल स्वतःकडे वळवून नळीत गज घालायचा होता. आणि गज पुरेसे नव्हते. तुकडीतल्या कित्येकांमध्ये एखादाच असायचा आणि ज्याला मिळे तो चिकटपट्टीनं तो रायफलीच्या अंगालाच बांधून ठेवी. काहींनी घरी पत्रं लिहून तेल आणि ब्रश मागवले.

शिकवणीची गत याहून वाईट होती. अमेरिकेतल्या छावण्यांत रंगरूट शिकत एम-१४वर. तिचे भाग डोळे मिटून जोडायला शिकत आणि व्हिएतनामला उतरल्यावर हातात पडे एम-१६. मरीन दलाच्या अनेक बटालियनना १९६७च्या वसंतात ऐन मोहिमेच्या तोंडावर जुन्या रायफली जमा करून नव्या दिल्या गेल्या. थोडं व्याख्यान, थोड्या गोळ्या, की पुढे कूच. रायफल शिकायची ती हातांनी. रात्रीच्या अंधारात कुठल्या खाचेत बोट घालायचं, हे बोटांना कळायला आठवडे लागतात.

आणि तक्रारी वाढल्या तेव्हा वरून उत्तर आलं, की सैनिक रायफल नीट साफ करत नाहीत. १९६६च्या अखेरीला कोल्टची आणि लष्कराची माणसं व्हिएतनामला जाऊन आली, त्यांना रायफलींची देखभाल भयंकर अवस्थेत दिसली. निरीक्षण खरं होतं. पण ज्याला ब्रश दिला नाही, गज दिला नाही, कसं पुसायचं हे सांगितलं नाही, त्याच्यावर आळसाचा ठपका ठेवणं मला संतापजनक वाटतं. आणि ज्यांनी रोज मनापासून साफ केली, त्यांच्याही रायफली अडकत होत्या. खड्डे पडलेला चेंबर चिंदीनं गुळगुळीत होत नाही.

मिझुरीचे काँग्रेस सदस्य रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती बसली आणि ऑक्टोबर १९६७मध्ये तिचा अहवाल आला. त्यात बोट सैनिकाकडे नव्हतं, अधिकाऱ्यांकडे होतं. दारूतला बदल पुरेशी पारख न करता झाला, आणि दोष कळल्यावरही तो न सुधारणं गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवर जातं, असं समितीनं नोंदवलं. कारखान्यातल्या स्वीकृती चाचणीत कोल्टला जुन्या दारूची काडतुसं वापरू दिली जात आणि रणांगणावर जात ती नव्या दारूची, ही गोष्टही बाहेर आली.

दुरुस्त्या तोवर सुरू झाल्या होत्या. वेग आवरणारा नवा बफर आला, चेंबरला क्रोमचा मुलामा आला, दारूतलं कॅल्शियम कार्बोनेट कमी केलं गेलं. सुधारलेल्या रायफलीला एम-१६ए१ म्हणू लागले.

शिकवणीची दुरुस्ती मात्र अनपेक्षित दिशेनं आली. विल आयझनर हे ‘द स्पिरिट’ या चित्रमालिकेचे चित्रकार. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करासाठी वाहनांच्या देखभालीची चित्रं काढत आणि १९५१पासून लष्कराच्या ‘पीएस’ या देखभालविषयक मासिकाची कलाबाजू त्यांच्याकडे होती. १९६८मध्ये त्यांच्या चित्रांची, खिशात मावणारी ३२ पानांची रंगीत पुस्तिका सैनिकांच्या हाती आली. लष्करी नियमपुस्तकांची कोरडी, कलमाकलमांची भाषा तिच्यात नव्हती. रायफल कशी उघडायची, कुठला भाग कुठल्या क्रमानं काढायचा, चेंबरला कुठला ब्रश, बारीक छिद्रांना पाइप साफ करायची मऊ तार कशी घालायची, अडकली तर आधी काय बघायचं, हे सगळं चित्रांत. बारीक नळीत पाणी साचून राहतं, म्हणून नदी ओलांडल्यावर नळीचं तोंड खाली करून मागची मूठ थोडी ओढायची, म्हणजे पाणी निथळतं. हा सल्ला गुडघाभर चिखलातून चालणाऱ्याला उपयोगी पडणारा होता. पुस्तिकेत रायफलीला बाईचं रूप देऊन केलेली चावट बोलणी आज वाचवत नाहीत, आणि त्यांची मुळीच गरज नव्हती असं माझं मत आहे. पण थकलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला पाच मिनिटांत काय दाखवता येतं, याची आयझनर यांना असलेली जाण अस्सल होती.

पुढे रंगरूट छावणीतच एम-१६वर शिकू लागले आणि साफसफाईचं सामान रायफलीबरोबर मिळू लागलं. तक्रारी झपाट्यानं उतरल्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दस्त्यात झडप असलेली पोकळी करण्यात आली. तुकड्यांत मोडणारा गज, ब्रश आणि तेलाची बाटली तिच्यात बसे, त्यामुळे गज शोधायला शेजाऱ्याकडे सरपटत जायची वेळ उरली नाही.