सूक्ष्मदर्शकाची प्रकाशयोजना

सूक्ष्मदर्शकातील दृश्य फार प्रखर वाटू लागले की कंडेन्सरखालील डायाफ्रॅम आवळून प्रकाश कमी करण्याचा प्रघात प्रयोगशाळांतून सर्रास आढळतो. दृश्य मंद होते, कडा ठसठशीत दिसतात, आणि चित्र सुधारले असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुतः ते बिघडलेले असते. दोन निकटचे बिंदू पृथक् दाखविण्याची शक्ती वस्तुभिंगाप्रमाणेच कंडेन्सरच्या छिद्रांकावरही अवलंबून असते. वस्तुभिंगाचा छिद्रांक ०.६५ व प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरल्यास, कंडेन्सरचा छिद्रांकही ०.६५ असताना सुमारे ०.५२ मायक्रोमीटर अंतरावरील बिंदू वेगळे ओळखता येतात, तो ०.२ वर आणला की ही मर्यादा ०.७९ पर्यंत जाते. शिवाय विवर्तनामुळे कडांभोवती उमटणाऱ्या रेषा पेशीभित्तीचे थर म्हणून विद्यार्थ्याच्या आकृतिवहीत जाऊन बसतात, ते निराळेच.

या गोंधळास दोन भिन्न अवयवांना एकच नाव असणे हेही एक कारण असावे. दिव्यापाशी असतो तो क्षेत्र-डायाफ्रॅम. तो नमुन्याचा किती भाग उजळावा हे ठरवितो. कंडेन्सरखाली असतो तो छिद्र-डायाफ्रॅम. तो प्रकाशशंकूचा कोन ठरवितो. प्रखरतेचे नियमन हे दोहोंपैकी एकाचेही कार्य नव्हे.

ही विभागणी ऑगस्ट कोहलर याने १८९३ मध्ये सूक्ष्मछायाचित्रणासाठी मांडलेल्या पद्धतीतून आली. पुढे १९०० मध्ये तो येना येथील झाइस कारखान्यात रुजू झाला. तत्पूर्वीच्या रीतीत दिव्याची प्रतिमा थेट नमुन्यावर पाडीत. त्यामुळे दिव्यातील असमानता चित्रात उतरे. कोहलरने ती प्रतिमा छिद्र-डायाफ्रॅमच्या पातळीवर पाडली. दिव्याच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश मग नमुन्यातून समांतर जातो व क्षेत्र सर्वत्र सारखे उजळते.

जुळणी करताना प्रथम १० पट वस्तुभिंगाने नमुना स्पष्ट करावा. क्षेत्र-डायाफ्रॅम आवळून त्याची कडा रेखीव दिसेपर्यंत कंडेन्सर वरखाली करावा, ती प्रतिमा मध्यावर आणावी आणि डायाफ्रॅम दृश्यक्षेत्राबाहेर जाईल इतपतच उघडावा. नंतर नेत्रिका काढून नळीत पाहावे; वस्तुभिंगाच्या मागील वर्तुळाचा दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश भाग उजळलेला असावा. वस्तुभिंग बदलले की दोन्ही डायाफ्रॅम पुन्हा जुळवावे लागतात, आणि नेमका हाच कंटाळा केला जातो.

प्रखरता कमी करावयाची ती दिव्याचा विद्युत्दाब उतरवून. परंतु त्याने हॅलोजन दिव्याचा प्रकाश पिवळट होत असल्याने रंगीत छायाचित्रणास राखी गाळणकाच बरी. क्षेत्र-डायाफ्रॅम नसलेल्या साध्या सूक्ष्मदर्शकात ही पद्धती पूर्णपणे साधत नाही. नेत्रिका काढून करावयाची तपासणी मात्र तेथेही करता येते.