पाच लोखंडी पेट्यांचा राखणदार

१ एप्रिल ही तारीख आपल्या वस्तीतल्या कोणत्याही कॅलेंडरवर खूण करून ठेवलेली नसते. तेरा दिवसांवर भीमजयंती आलेली असते. वर्गणी, पोलीस परवानगी, मंडप, मिरवणुकीचा मार्ग, प्रमुख पाहुणा कोण यावरची भांडणे, या धामधुमीत एप्रिलचा पहिला आठवडा निघून जातो. २००२ साली याच तारखेला वसंत मून गेले. ज्या माणसाने बाबासाहेबांचे लेखन आपल्या हाती दिले, तो माणूस बाबासाहेबांच्या जयंतीच्या उंबरठ्यावर गेला. आणि जयंतीच्या गर्दीत दरवर्षी त्याचे स्मरण राहून जाते.

मी मून साहेबांना कधी प्रत्यक्ष भेटलो नाही. ते गेले तेव्हा मी विशीत होतो. पण वकिलीत ज्याच्या फाईलवर आपण काम करतो, तो ज्येष्ठ न पाहिलेला असला तरी सहकारीच असतो. त्याने कागद कसे लावले, कुठे टीप घातली, कुठे 'पुढील मजकूर मिळाला नाही' असे प्रामाणिकपणे लिहिले, यावरून माणूस कळतो. मून साहेब मला असे कळले. खंडांच्या प्रस्तावना लोक सोडून देतात. मला त्या वाचायची सवय आहे.

नागपूरच्या सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यात, १९३२ साली जन्मलेला हा मुलगा. दारिद्र्य, समता सैनिक दलाचे संस्कार आणि शिकण्याची ईर्ष्या या तीन गोष्टींनी तो घडला. 'वस्ती' या आत्मकथनात (१९९५) त्यांनी स्वतःपेक्षा वस्तीच जास्त सांगितली. गेल ऑम्व्हेट यांनी ते इंग्रजीत नेले. महसूल खात्यात ते उपजिल्हाधिकारी पदापर्यंत पोहोचले. अशा पदावरून सुखाने निवृत्त होणारे आपल्यात कमी नाहीत. मून साहेबांनी मात्र त्या खात्याचा अनुभव, म्हणजे दप्तर कसे राखावे, ताबा कसा घ्यावा, पंचनामा कसा करावा, हे सारे बाबासाहेबांच्या कागदांसाठी वापरले.

हा ताब्याचा इतिहास आपल्या तरुणांना ठाऊक नाही, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्यामागे राहिलेले कागद, त्यात कितीतरी अप्रकाशित हस्तलिखिते, दिल्लीच्या न्यायालयाच्या ताब्यात गेले. तिथून ते महाराष्ट्राच्या महाप्रशासकाकडे आले. महाप्रशासक म्हणजे मृताच्या मालमत्तेची शासनाच्या वतीने राखण करणारा अधिकारी. त्याच्या लेखी ती हस्तलिखिते म्हणजे यादीतील वस्तू. 'रिडल्स', 'क्रांती आणि प्रतिक्रांती', सारे पेटीत. समाज बाहेर, ग्रंथ आत, आणि मध्ये कायद्याचे कुलूप!

नागपूरचे ॲड. जे. बी. बनसोड यांनी त्या कुलपावर पहिला घाव घातला. त्यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दावा केला. मागणी साधी होती: हे लेखन मला प्रकाशित करू द्या, नाहीतर शासनाला ते प्रकाशित करायला सांगा. प्रकरण पुढे मुंबईला गेले आणि वर्षानुवर्षे पडून राहिले. बनसोडांचे नाव आज किती वकिलांना माहीत आहे? आमच्या बार रूममध्ये विचारून पाहा.

दरम्यान १९७६ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली, आणि विशेष कार्य अधिकारी म्हणून मून साहेब आले. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला. त्यात 'जातिभेद निर्मूलन' होते, पण ते आधी छापलेले साहित्य. मून साहेबांची नजर पेट्यांवर होती. त्यांनी कोर्टातला विजय शोधला नाही; संमती शोधली. माईसाहेब आंबेडकर, प्रकाश आंबेडकर व कुटुंबीय, महाप्रशासक, आणि दावा लढवणारे बनसोड, या प्रत्येकाला भेटून त्यांनी सर्वांना एका टेबलावर आणले. बनसोडांनीही मोठेपणा दाखवला. आपला दावा हा आपला अहंकार नव्हे, हे त्यांना कळत होते. आणि सप्टेंबर १९८१ मध्ये मून साहेबांनी शासनाच्या वतीने पाच लोखंडी पेट्या ताब्यात घेतल्या.

वारसांचे वाद, पक्षांचे गट, एकमेकांचे तोंड न पाहणारे नेते अशा समाजात सगळ्यांची सही एका कागदावर आणणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी विहाराच्या जागेचा वाद मिटवायचा प्रयत्न केला आहे, त्यालाच कळेल.

पेट्या उघडल्यावर खरे काम सुरू झाले. सुटी पाने, टंकलिखितावर बाबासाहेबांच्या हातच्या दुरुस्त्या, काही प्रकरणे अर्धी, काही ठिकाणी पाने गहाळ. कोणते प्रकरण कोणत्या ग्रंथाचे हे ठरवायचे आणि तरीही आपला शब्द त्यात मिसळू द्यायचा नाही. १९८७ साली तिसरा खंड आला, त्याच वर्षी चौथा, 'रिडल्स इन हिंदुइझम'. पुढे काय झाले ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेलच. राम आणि कृष्णावरील परिशिष्टावरून शिवसेनेने आंदोलन उभे केले, अमरावतीत खंडाची प्रत जाळली गेली, सरकार डळमळले. तेव्हा फेब्रुवारी १९८८ मध्ये आंबेडकरी जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली. मजकूर राहिला, शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप मात्र त्याला जोडली गेली. त्या मोर्चाची छायाचित्रे आपण अजूनही अभिमानाने दाखवतो. पण मोर्चा ज्या पानांसाठी निघाला, ती पाने जुळवणारा माणूस मोर्चाच्या व्यासपीठाचा नव्हता. तो मेजावर बसून पुढच्या खंडाची मुद्रिते तपासणाऱ्यांतला होता.

आणि खंड येत राहिले. १९९३ चा बारावा खंड प्रत्येक वकिलाने जवळ ठेवावा. त्यात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे म्हणून लोक तो घेतात. पण त्याच खंडात बाबासाहेबांची कायद्यावरील टिपणे आहेत: मुदतीचा कायदा, पुराव्याचा कायदा, मालमत्ता हस्तांतरण, विश्वस्त कायदा. घटनाकार म्हणून आपण त्यांना पूजतो. मुदतीचा कायदा ते कसा उलगडत, हे तिथे वाचायला मिळते. सोळावा खंड पाली व्याकरण आणि शब्दकोशाचा, १९९८ चा. मून साहेबांनंतर प्रा. हरी नरके यांनी हे काम पुढे नेले. ९ ऑगस्ट २०२३ रोजी तेही गेले.

आपल्या शोकसभांबद्दल एक बोलले पाहिजे. वक्ता गेला, नेता गेला की सभागृह भरते, 'कधीही न भरून येणारी पोकळी' हे वाक्य पाच वक्ते पाच वेळा म्हणतात. संपादक, ग्रंथपाल, दप्तर राखणारा गेला की बातमी दोन ओळींची. मला याचा राग येतो, आणि तो लपवण्याचे कारण नाही.

राग येण्याला आजचे कारणही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. बातमी अशी होती: २०१७ साली शासनाने खंडांच्या ९ लाख प्रती छापण्याचे ठरवले, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापल्या अवघ्या ३३ हजार. कागद गोदामात! एकदा पेटीत कुलूपबंद झालेले बाबासाहेब दुसऱ्यांदा गोदामात अडकले.

'आता स्वामित्वहक्क संपला, कोणीही छापू शकतो,' असे काही मित्र म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या ग्रंथांचा हक्क २०१६ अखेर संपला. पण लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनाची साठ वर्षे स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम २४ नुसार प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे १९८७ साली प्रथम छापलेल्या 'रिडल्स'वर २०४७ अखेरपर्यंत हक्क राहतो, आणि खंडांवर हक्कधारक म्हणून शिक्षण विभागाच्या सचिवांचा उल्लेख आहे. पाच पेट्यांतून निघालेल्या लेखनासाठी आजही शासनाच्याच दारात जावे लागते, ते यामुळे.

यंदा जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक मंडळाने एक अर्ज करावा. माहितीच्या अधिकारात, समितीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे: आजवरच्या प्रत्येक खंडाच्या शेवटच्या पुनर्मुद्रणाचे वर्ष, छापलेल्या प्रती, शिल्लक प्रती, शिल्लक कागद, आणि १९८१ साली ताब्यात घेतलेल्या पाच पेट्यांतील कागदांची यादी व ते आज कोणत्या जागी, कोणाच्या ताब्यात आहेत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तराची मुदत तीस दिवस. १ एप्रिलला अर्ज दिला तर १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, मुदत पूर्ण होते.