कडधान्यातील भुंगेरा : कोठीतील किडीची सुरुवात शेतातच

तूर, मूग किंवा चवळी पोत्यात भरताना स्वच्छ दिसते. मात्र दोन-तीन महिन्यांनी पोते उघडताच दाण्यांना गोल छिद्रे पडलेली आढळतात व भुंगेरे बाहेर पडू लागतात. अशा वेळी दोष सामान्यतः कोठीला दिला जातो. वास्तविक पुष्कळदा कीड दाण्यासोबत शेतातूनच आलेली असते. या भीतीपोटी अनेक लहान शेतकरी मळणी होताच, म्हणजे बाजारात आवक वाढून भाव बहुधा उतरलेले असतात तेव्हाच, माल विकून मोकळे होतात. बियाणे म्हणून राखलेला दाणा पोखरला गेल्यास पुढील हंगामाची उगवणही धोक्यात येते. म्हणून या किडीचा जीवनक्रम समजून घेणे आवश्यक आहे.

किडीची ओळख व जीवनक्रम

भारतात कडधान्यांचे नुकसान करणाऱ्या भुंगेऱ्यांच्या दोन प्रजाती प्रमुख आहेत : कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस आणि कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस. प्रौढ भुंगेरा तपकिरी, तीन-चार मिलिमीटर लांबीचा असतो. तो साठवलेले धान्य खात नाही व जेमतेम एक ते दोन आठवडे जगतो. सर्व नुकसान अळी करते.

शेंगा पक्व होऊ लागल्या की मादी उडत शेतात येते व शेंगांवर अंडी घालते. साठवणीत ती थेट दाण्यावर अंडी चिकटवते. एक मादी साधारणतः ८० अंडी घालते. चार ते सहा दिवसांत अंडे उबते आणि अळी अंड्याखालूनच दाण्यात शिरते. अळी व कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पूर्ण होतात. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात संपूर्ण जीवनक्रमास २५ ते ३० दिवस लागतात. त्यानंतर प्रौढ भुंगेरा दाण्याच्या सालीला गोल झाकणासारखे कापून बाहेर पडतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, छिद्र दिसते तेव्हा त्या दाण्याचे नुकसान होऊन गेलेले असते. दुसरी, वाढ अत्यंत वेगाने होते. एका मादीच्या ८० अंड्यांपैकी निम्मी नष्ट झाली असे धरले, तरी ४० भुंगेरे व त्यांत सुमारे २० माद्या उरतात. याच हिशेबाने पुढील पिढीत, म्हणजे सुमारे दोन महिन्यांत, ८०० भुंगेरे तयार होऊ शकतात. विदर्भ-मराठवाडा असो वा कर्नाटकातील कलबुर्गी परिसर, तुरीची मळणी उरकून उन्हाळा लागतो आणि किडीला अनुकूल तापमान आयतेच मिळते. त्यामुळे मळणीनंतरचा पहिला महिना निर्णायक ठरतो.

प्रादुर्भाव कसा ओळखावा?

पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून मूठभर दाणे काढून उजेडात पाहावेत. दाण्यावर चिकटलेला पांढरा ठिपका म्हणजे भुंगेऱ्याचे अंडे. ठिपका अपारदर्शक पांढरा असेल, तर अळी बहुधा आत शिरली आहे असे समजावे. शेंगेतून आलेली लागण मात्र ठिपक्यावरून कळेलच असे नाही. त्यासाठी थोडे दाणे काचेच्या बरणीत घालून तोंडाला कापड बांधावे व महिनाभर निरीक्षण करावे.

व्यवस्थापन

१. जुन्या धान्याचा निपटारा : मागील वर्षाचे किडके धान्य हे नव्या पिकावरील लागणीचे उगमस्थान असते. नवे पीक पक्व होण्यापूर्वीच कोठी, भिंतींच्या भेगा व बारदान स्वच्छ करावे. केरकचरा जाळावा किंवा खोल पुरावा. नवे धान्य जुन्यात मिसळू नये.

२. वेळेवर काढणी व वाळवण : वाळलेल्या शेंगा शेतात फार काळ ठेवू नयेत. कडधान्यातील ओलावा ९ ते १० टक्क्यांपर्यंत आणावा. वाळलेला दाणा दातांखाली कट्कन फुटतो. कडक ऊन दिलेले धान्य पूर्ण थंड झाल्यावरच भरावे, अन्यथा आत बाष्प साचते.

३. डाळ करणे : ही कीड मुख्यतः अख्ख्या दाण्यावर वाढते. घरी खाण्यासाठी ठेवायची तूर लवकर भरडून डाळ केल्यास पुढील पिढीची साखळी तुटते.

४. तेलाचा लेप : एक किलो अख्ख्या दाण्याला ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल किंवा एरंडेल एकसारखे चोळावे. तेलामुळे अंड्याचा श्वसनमार्ग बंद होतो. आपल्याकडील एरंडेल लावण्याच्या जुन्या पद्धतीला असा शास्त्रीय आधार आहे. मात्र आत शिरलेल्या अळीवर तेलाचा विशेष परिणाम होत नाही. म्हणून लेप साठवणीच्या प्रारंभीच द्यावा. कडुनिंबाचे तेल कडवट असल्याने ते बियाण्यापुरतेच वापरावे.

५. हवाबंद साठवण : आत प्लॅस्टिकची दोन अस्तरे व बाहेर विणलेले पोते अशा तिहेरी पिशवीची पद्धत आफ्रिकेतील कॅमेरूनमध्ये चवळीच्या साठवणीसाठी विकसित झाली. बंद पिशवीतील प्राणवायू कीटकांच्या श्वसनानेच घटतो. त्यामुळे अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. दाण्यातील अळीही यातून सुटत नाही. पिशवी भरताना हवा दाबून काढावी, प्रत्येक अस्तर स्वतंत्रपणे पीळ देऊन बांधावे व किमान दोन महिने उघडू नये. ओलसर धान्य मात्र हवाबंद केल्यास त्यास बुरशी लागते. तसेच उंदराने पाडलेले एक भोकही सर्व परिश्रम व्यर्थ करते.

घरात विषारी गोळ्या नकोत

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याच्या संपर्कात येताच फॉस्फिन वायू सोडतात. हा वायू दिसत नाही, पोत्यातून व दाराच्या फटीतून सहज पसरतो आणि त्यावर कोणताही उतारा उपलब्ध नाही. ज्या खोलीत माणसे झोपतात, तेथील धान्यात ही गोळी ठेवणे जीवघेणे आहे. कायद्यानुसार हे धूरीकरण प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तींच्या देखरेखीखालीच करावयाचे असते. शिवाय वायू निघून गेल्यावर धान्याला संरक्षण उरत नाही. नवा भुंगेरा पुन्हा अंडी घालू शकतो. घरगुती साठवणीत उत्तम वाळवण आणि हवाबंद भांडे हेच सुरक्षित व पुरेसे साधन आहे.

साठवणीनंतर दर पंधरवड्यास पाहणी करावी; हवाबंद पिशव्यांचे केवळ बाहेरून निरीक्षण करावे. पांढरा ठिपका दिसताच उपाय योजल्यास छिद्र पडण्याची वेळ येत नाही.