मिरचीच्या पानाला मुरड का पडते?

मुरडणे हे मराठीतले फार कामाचे क्रियापद आहे. करंजीला मुरड घालतात, न आवडलेल्या भाजीकडे पाहून नाक मुरडतात, पोटात मुरडा येतो. आणि मिरचीच्या झाडाची पाने आक्रसून, वाकडीतिकडी होऊन शेंड्याला गोळा झाली की शेतकरी म्हणतात, चुरडामुरडा आला. काही भागांत त्यालाच बोकड्या म्हणतात, काही भागांत कोकडा. शब्द कानावर पडताच पान डोळ्यांपुढे येते. कवीला हेवा वाटावा असे हे शब्द! अडचण एवढीच, की हे रोगाचे नाव नव्हे, लक्षणाचे आहे. 'अंगात कसकस आहे' म्हणावे तसे. ती हिवतापाची की नुसत्या दगदगीची, हे त्या शब्दातून कळत नाही आणि गोळी मात्र लगेच घेतली जाते.

गॅलरीत दोन-चार कुंड्या नाहीत असे घर आता शोधावे लागते, आणि त्यांत तुळशीच्या खालोखाल मान मिरचीचा. तिची पाने मुरडली की घरात दोन मते पडतात. एक मत नजर लागल्याचे. आमची अम्मी नजर म्हणायची, शेजारच्या काकू दृष्ट म्हणायच्या. पण उतरवायला दोघींनाही सुक्या मिरच्याच लागत. आता खुद्द मिरचीलाच नजर लागली तर ती कशाने उतरवायची, हा प्रश्न दोघींपैकी कोणीच सोडवला नाही. दुसरे मत थेट दुकानात जाऊन 'औषध' आणण्याचे. मला भीती वाटते ती या दुसऱ्या मताची. तिच्याकडे मी पुढे येतो. आधी पान पाहू.

पहिली गोष्ट, पान कोणत्या वेळी मुरडते? आमच्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. भर दुपारी मिरचीच्या पानांच्या कडा वर उचलल्या जातात, पान पन्हळीसारखे होते. उन्हाला पाठ द्यावी तसे झाड आपले अंग चोरून घेते, म्हणजे पाणी कमी उडते. संध्याकाळी हीच पाने सपाट झाली, तर झाडाला काहीही झालेले नाही. दुपारच्या उन्हात आडोसा द्या, एवढेच.

पाने देठापासूनच खाली लोंबत असतील, जाड आणि जड वाटत असतील, तर कुंडीतल्या मातीत दोन पेरे जाईपर्यंत बोट घाला. माती चिखलासारखी लागली तर पाणी जास्त होते आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात आणि पाने मान टाकतात. गंमत अशी, की मान टाकलेले पान पाहून माणूस आणखी एक तांब्या ओततो. कुंडीचे तळाचे भोक बुजलेले नाही ना, खालच्या बशीत पाणी साचलेले नाही ना, हे आधी बघावे.

दुसरी गोष्ट, मुरडलेली पाने जुनी आहेत की नवी? ऊन-पाण्याचा त्रास बहुधा साऱ्या झाडाला दिसतो. शेंड्याची कोवळी पालवीच तेवढी वाकडी येत असेल, तर मात्र संशय किड्यांवर घ्यायचा. कोवळे पान दोन्ही अंगांनी सारखे वाढले तरच सपाट राहते. वाढीच्या दिवसांत कोणी त्याचा रस शोषला, तर तिथली वाढ खुंटते आणि पान वळते. (पालवी मुरडण्याचे आणखी एक कारण खतात असू शकते. तणनाशकाचा अंश असलेले शेणखत वापरले, तर नवी पाने दोरीसारखी अरुंद आणि पीळदार येतात. ते खत काढून माती बदलणे हाच त्यावर उपाय.)

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पान वर वळले आहे की खाली? कडा वर उचलून पानाची होडी झाली असेल, तर बहुतेक वेळा ते काम फुलकिड्यांचे असते. मिलिमीटरभर लांबीचा, बारीक काडीसारखा हा किडा पान खरवडतो आणि पाझरलेला रस पितो. पानाच्या मागे चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसतात. पांढरा कागद शेंड्याखाली धरून फांदीला टिचकी मारा. कागदावर पिवळसर रेघा पडल्या आणि त्या चालू लागल्या, की ओळख पटली. या किड्यांना कमी लेखू नये. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र प्रदेश आणि तेलंगणातल्या मिरचीवर फुलकिड्यांची एक नवी जात आली आणि तिने शेतेच्या शेते बसवली.

कडा खाली वळून पानाची उलटी होडी झाली असेल, पान अरुंद आणि देठ लांबलेले असेल, पानाची खालची बाजू तांबूस चकचकीत दिसत असेल, तर तो कोळी. हा पिवळा कोळी साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो, दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाशिवाय दिसत नाही. पूर्ण वाढ झाली की त्याला आठ पाय असतात. तो कीटक नव्हेच, कोळ्यांच्या गोतातला. म्हणूनच कीटकांसाठी बनवलेली कितीतरी विषे त्याच्यावर चालत नाहीत. उलट त्याला खाणारे इतर किडे त्या विषाने मरतात आणि कोळ्याला रान मोकळे मिळते. वरची होडी आणि उलटी होडी यांतला फरक न पाहता फवारा मारला, की हे असे होते.

शेंडा चिकट लागत असेल आणि मुंग्यांची रांग वर चढत असेल, तर मावा आहे. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पाण्याच्या जोरदार धारेने बराचसा निघूनही जातो.

चौथा प्रकार मात्र वाईट. नवी पाने अगदी लहान, जाडसर, शिरा फुगलेल्या, शिरांमधला भाग पिवळट, सांधे आखूड आणि सारा शेंडा झुपक्यासारखा. झाड हलवले की पांढऱ्या माश्यांचा भुरका उडतो. हा पर्णगुच्छाचा विषाणू. पांढरी माशी तो आजारी झाडावरून आणते आणि पुढच्या झाडाला देते. त्यावर जगात कोणतेही औषध नाही. माशी मारता येते, झाडात शिरलेला विषाणू काढता येत नाही. असे झाड उपटावे, पिशवीत बांधून टाकून द्यावे. माती फेकण्याचे कारण नाही, हा विषाणू मातीतून येत नाही. त्या झाडाची मिरची खाल्ल्याने माणसालाही काही होत नाही.

आता त्या 'औषधा'कडे येतो. विषाला औषध म्हणण्याची आपली सवय मला नेहमी खटकते. शेतात 'औषध मारलं' म्हणतात आणि कर्जाने पिचलेल्या माणसाने 'औषध पिलं' असेही म्हणतात. शब्द तोच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीस जणांच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती मोकळ्या शिवारातली गोष्ट. इथे आपण चार फुटांच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या लहान मुलांच्या कपड्यांशेजारी तेच द्रव्य फवारतो. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. आमच्या ओळखीच्या एका घरी दुकानदाराने जुन्या खोकल्याच्या बाटलीत सुटे विष दिले होते. त्यावर त्रिकोण नव्हता, नाव नव्हते, फवारल्यावर किती दिवस मिरची तोडू नये तेही नव्हते. कुंडीतली मिरची तर आपण सकाळी तोडून तशीच पोह्यांत टाकतो.

घरच्या दोन कुंड्यांना एवढ्याची गरज नसते. खराब शेंडे खुडावेत. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची धार मारावी. निंबोळीची ५० ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारावी. उन्हात तिचा गुण उतरतो म्हणून संध्याकाळी. फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट कागद टांगावेत. कोळी असेल तर पाण्यात मिसळणारे ८० टक्क्यांचे गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही नाकातोंडाला फडके बांधून. कडक उन्हाळ्यात गंधक वापरू नये, आणि कडुनिंबाचे तेल फवारल्यावर दोन आठवडे तरी नको, पाने करपतात.

यानंतर एक चूक फार घरांतून होते. लोक चार दिवसांनी तेच मुरडलेले पान पुन्हा पाहतात, ते तसेच असते, म्हणून पुन्हा फवारतात. मुरडलेले पान कधीही सरळ होत नाही. करंजीची मुरड उलगडत नाही, तशीच ही. उपाय लागू पडला की नाही हे त्यानंतर फुटलेल्या पालवीवरून ठरवायचे, आणि त्याला दहा-पंधरा दिवस द्यावे लागतात. त्या शेंड्यावर सुताची गाठ बांधून ठेवा. गाठीच्या वरची पाने सपाट आली, तर हात थांबवा.

झाड उपटावे लागले असेल तर नवी रोपे लावताना पहिला महिनाभर कुंडीवर चार काड्या रोवून जुन्या पातळ मलमलीच्या ओढणीचा तुकडा बांधावा. प्रकाश आत जातो, माशी जात नाही. फुले येऊ लागली की काढून घ्यावा.