पॅड मिळालं, पण बदलायचं कुठं?

इंदापूर तालुक्यातल्या गावातून बारामतीला शिकायला येणारी मुलगी सकाळच्या एसटीनं निघते आणि दिवस कलल्यावर घरी पोचते. पाळी असेल तर मधल्या वेळेत पॅड निदान एकदा तरी बदलायलाच हवं. त्यासाठी पाणी, आतून कडी लागणारं दार आणि झाकणाची कचरापेटी लागते. यातलं एक जरी नसलं, तर सकाळचं पॅड संध्याकाळपर्यंत तसंच राहतं. मग मांड्या सोलवटतात, खाज सुटते. स्वच्छतागृह टाळायचं म्हणून पाणी कमी प्यायलं, की लघवीच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

पॅड मुलींपर्यंत पोचावं यासाठी बरंच काम झालं आहे. 2018च्या महिला दिनी राज्यात अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 8 पॅडचं पाकीट 5 रुपयांत देण्याची तिच्यात तरतूद होती. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटी रद्द झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, 15 ते 24 वयोगटात पाळीची स्वच्छ साधनं वापरणाऱ्या तरुणी 2015-16 मध्ये देशात सुमारे 58 टक्के होत्या. 2019-21 पर्यंत हे प्रमाण 77 टक्क्यांवर गेलं. मात्र हातात साधन आलं, एवढंच हा आकडा सांगतो. ते वेळेवर बदललं जातं का, हे त्यातून कळत नाही.

पॅड कमी भिजलं असलं तरी चार ते सहा तासांनी बदलावं. सुती कापड वापरायला हरकत नाही; ते साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवावं. लाजेपोटी ओढणीखाली किंवा न्हाणीत वाळत घातलेलं कापड दमट राहतं आणि त्यात जंतू वाढतात. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचरापेटीत टाकावं, शौचकूपात नव्हे. तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, दुखण्यानं कॉलेज बुडत असेल किंवा सलग तीन महिने पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

बारामती-इंदापूरच्या याच भागात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, की ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकतात. तिथल्या बाईला ना आडोसा, ना पुरेसं पाणी, आणि खाडा झाला तर मजुरी जाते. दुखणं अंगावर काढण्याचा शेवट कुठं होतो, हे बीड जिल्ह्यानं दाखवलं. तिथं 2019 मध्ये 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

म्हणून ग्रामपंचायती, महाविद्यालयं, एसटी स्थानकं आणि साखर कारखाने या सगळ्यांनी मुलींच्या स्वच्छतागृहात चोवीस तास पाणी, दाराला कडी आणि कचरापेटी आहे ना, हे आधी पाहावं. कोप्यांजवळ आडोसा आणि पाण्याची सोय हंगामाच्या पहिल्या दिवसापासून हवी. आणि घरातल्या आईबापांनी मुलीला बाजूला बसवण्याऐवजी जवळ बसवून विचारावं, काही त्रास होतोय का? हा प्रश्न वडिलांनीही विचारायला हवा.