अँटीमॅटर हातातून सुटलं तर खाली पडेल की वर जाईल?

हातातली वस्तू सोडली की ती खाली पडते. पण ती अँटीमॅटरची असेल तर? प्रश्न पोरकट वाटतो, पण प्रयोग करून त्याचं थेट उत्तर मिळायला २०२३ साल उजाडावं लागलं.

अँटीमॅटर म्हणजे काय?

इलेक्ट्रॉन, प्रोटॉन अशा कणांना एकेक जुळा भाऊ असतो. वजन तेवढंच, विद्युतभार मात्र उलटा. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून ही कल्पना पुढे आली. १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना इलेक्ट्रॉनचा जुळा, म्हणजे पॉझिट्रॉन, प्रत्यक्ष सापडला. कण आणि त्याचा जुळा समोरासमोर आले की दोघंही नष्ट होतात आणि ऊर्जा बाहेर पडते.

मग आपण उरलो कसे?

खरी मेख इथेच आहे. सिद्धांतानुसार बिग बँगच्या वेळी दोन्ही सारख्याच प्रमाणात तयार व्हायला हवे होते. तसं झालं असतं तर दोघांनी एकमेकांना संपवलं असतं. तारे, पृथ्वी, माणूस, काहीच उरलं नसतं. पण आपण आहोत! म्हणजे दोघांत कुठेतरी फरक असणार. काही कणांच्या वागण्यात असा फरक सापडलाय, पण हे कोडं सुटायला तो पुरेसा नाही.

फरक शोधतात कसा?

त्यासाठी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत अँटीहायड्रोजन बनवतात. हायड्रोजनच का? कारण तो सगळ्यात साधा अणू आहे आणि त्याची मोजमापं शास्त्रज्ञांना अतिशय अचूक माहीत आहेत.

अडचण अशी की अँटीमॅटर ठेवायचं कशात? भांडं मॅटरचंच असणार, शिवलं की खेळ खल्लास. म्हणून निर्वात पोकळीत चुंबकांच्या जोरावर हे अणू अधांतरी धरून ठेवतात. सर्नच्या 'अल्फा' प्रयोगाने २०१० मध्ये असे ३८ अणू पकडले, तेही सेकंदाच्या सहाव्या भागापुरते. वर्षभरातच ही वेळ १००० सेकंदांवर गेली.

मग या अणूंवर लेझर सोडला. प्रत्येक अणू ठरावीक रंगाचाच प्रकाश शोषतो, तीच त्याची ओळख. २०१८ च्या मोजमापात हायड्रोजन आणि अँटीहायड्रोजनची ही ओळख तंतोतंत जुळली. अचूकता किती? एक लाख कोटीत दोन भाग!

आणि पडण्याचं काय झालं?

२०२३ मध्ये उभ्या नळीतल्या चुंबकांची पकड हळूहळू सैल केली. बहुतेक अणू खालच्या बाजूने बाहेर पडले. म्हणजे अँटीमॅटरही खालीच पडतं. पण हे मोजमाप अजून ढोबळ आहे, त्यातली अनिश्चितता वीस टक्क्यांच्या आसपास आहे.

फरक सापडलाच नाही, मग उपयोग काय?

आजच्या भौतिकशास्त्राचा पाया सांगतो की हायड्रोजन आणि अँटीहायड्रोजन एकसारखाच प्रकाश शोषणार. दशांशचिन्हानंतर कितीही पुढच्या आकड्यात खरा फरक सापडला, तरी हा पाया नव्याने घालावा लागेल. म्हणून हे अणू आणखी थंड करून पुन्हा पुन्हा मोजले जातायत. विश्वात काहीच नसण्याऐवजी आपण का आहोत, याचं उत्तर कदाचित अशाच एखाद्या आकड्यात दडलेलं असेल.